शिवेवर थांबणारी गाडी

गॅरेजात नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या पाठीमागे बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठायत?" मी सांगते, मिस्त्री जेवायला गेलेत, पण तुमच्या गाडीचं दुखणं पान्याने बरं होणारं नाही, तेव्हा बसा. पहिली दोन वर्षं या प्रश्नाचा राग यायचा. आता मी खुर्ची पुढे करते, स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडते आणि पाच मिनिटांत सांगते की मागे कधीतरी तुमची बॅटरी पार उतरली होती, धक्का मारून गाडी चालू केली होती. मग त्याचा आवाज बदलतो आणि "मॅडम" सुरू होतं.

महाडच्या बाहेर महामार्गाला लागून आमचं गॅरेज आहे. तिथे मी गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स बघते. बी.एस्सी. झालेय, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. सकाळची एसटी गाठायला तीन किलोमीटर उतरायचं, संध्याकाळी तेच तीन किलोमीटर चढायचं, अशी तीन वर्षं काढली. पुढे पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत आले. मी नेमकं काय करते हे वाडीत कुणाला धड सांगता येत नाही. बाबा लोकांना सांगतात, "दवाखान्यात छातीला वायरी लावतात ना, तशा ती गाडीला लावते." मला हे वर्णन पसंत आहे.

हल्लीच्या गाडीत एक मेंदू नसतो, दहा-बारा असतात. आम्ही त्यांना मॉड्यूल म्हणतो. इंजिनाचं एक, ब्रेकचं एक, स्टिअरिंगचं एक, समोरच्या काट्यांचं एक. हे सगळे एकमेकांशी बोलतात ते एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून. वाडीत कुणी विचारलं तर मी गावकीच्या बैठकीवरून समजावते. बैठक एक, बोलणारे बारा. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ज्याचं काम जास्त निकडीचं त्याने आधी बोलायचं. आमच्या गावकीत असं होत नाही, पण गाडीत होतं. आता या बैठकीत कोपऱ्यात कुणी अखंड खोकत बसला तर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. मग जो तो तक्रार करतो की अमका बोलतच नाही. स्कॅनरवर दिसतात त्या या तक्रारी. खोकणाऱ्याचं नाव त्यात बहुतेक वेळा नसतं. ते शोधायला माणूस लागतो, आणि महाड-पोलादपूरच्या टापूत तो माणूस म्हणजे मी, असं मला गेल्या एप्रिलपर्यंत वाटत होतं.

एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावाची गाडी आली. त्याला मी दादा म्हणते. दादा पंधरा वर्षं मुंबईत एका कंपनीचा टेम्पो चालवत होता. राहायला गाववाल्यांची खोली, तिथे प्रत्येकाची एक पेटी आणि एक डबा. वहिनी इकडे वाडीत. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला दादा यायचा आणि परत जाताना वहिनी त्याचा पत्र्याचा डबा घरच्या तांदळाने भरून द्यायची. तो डबा दाराशी आला की आळीला कळायचं, दादा निघाला.

त्या आधीच्या दिवाळीनंतर त्याने नोकरी सोडली आणि जुनी सात सीटची डिझेल गाडी घेऊन घरी आला. बेत सरळ होता. वीर स्टेशनला उतरणारी मुंबईची माणसं पोलादपूरला आणि वरच्या वाड्यांना पोचवायची. रिक्षावाले आमचा चढ बघून हात जोडतात, त्यामुळे धंदा होता. दादाने वहिनीला शब्द दिला होता की मेच्या गर्दीआधी गाडी रुळली तर मी कायमचा घरी. नाही रुळली तर गाडी विकून एप्रिल संपायच्या आत परत मुंबई, जुना मालक तोवर जागा धरून होता.  वहिनीने डबा माळ्यावर टाकला.

शिमग्याला गाडी सहाणेवर नेली, म्हणजे देवाची पालखी जिथे बसते तिथे. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लाल फडक्यात बांधलेला नारळ दादाच्या हातात दिला आणि सांगितलं, गाडीत ठेव, पुढच्या शिमग्यापर्यंत जागचा हलवू नको. नव्या गाडीला असा राखणीचा नारळ आमच्याकडे देतातच. दादाने तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली ठेवला आणि वळणावर गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे लावले. त्यानंतर महिनाभर गाडी बैलासारखी चालली.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वाडीच्या चढावर, शिवेवरच्या शेंदूर लावलेल्या दगडाच्या जरा अलीकडे, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. वेगाचा काटा शून्यावर पडला, स्टिअरिंग जड झालं, इंजिनाचा जोर गेला. माणसं उतरली, सामान डोक्यावर घेऊन चालत गेली. रिकामी गाडी रडतखडत अंगणात पोचली. तिथे सपाटीवर तासभर उभी राहिली आणि परत शहाणी झाली. दोन दिवसांनी तेच, त्याच जागी. आठवड्यात चारदा. गाडीत एक आंबूस वासही येत होता, पण महाडच्या बाजारातून सुकट घेऊन बसणाऱ्या बायकांवर तो आळ गेला.

आता गाडी बरोब्बर शिवेवर थांबते म्हटल्यावर वाडीने निकाल द्यायला वेळ लावला नाही. मुंबईतल्या कुणाची जुनी गाडी, काय दोष घेऊन आली कोण जाणे, देव तिला शिवेच्या आत घेत नाय. वहिनी दुसऱ्याच दिवशी माहेरी जाऊन तिकडच्या देवाचा एक नारळ घेऊन आली आणि तोही पहिल्याच्या शेजारी ठेवला. गाडी थांबायची थांबलीच.

दादा गाडी घेऊन गॅरेजात आला. स्कॅनर लावला तर तक्रारींची रांग. इंजिन म्हणतंय, ब्रेकचं मॉड्यूल बोलत नाही. स्टिअरिंगही तेच म्हणतंय, काटेही तेच. सगळ्या तक्रारी जुन्या, चढावरच्या. आत्ता या क्षणी मात्र सगळे गुण्यागोविंदाने बोलत होते. मी बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमधला रोध मीटरवर मोजला. धडधाकट गाडीत तो साठ ओहम यावा लागतो. बरोब्बर साठ आला.

तपासणीचा माझा स्वतः केलेला कागद आहे. त्यात "सीटखालचे जोड" अशी एक ओळ आहे. मी खाली वाकले, शेजारच्या सीटखाली लाल फडकं दिसलं, दोन लाल फडकी, आणि माझा हात आपोआप मागे आला. कपाळाला लागला आणि मागे आला. आमच्या गॅरेजचा नियमच आहे, गिऱ्हाइकाच्या देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही. फोटो असो, लिंबू असो, नारळ असो, आम्ही त्याच्या बाजूने काम करतो. मीही बाजूने बघितलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. न बघता केली. हे लिहायला जड जातंय, पण मी दुसऱ्यांच्या कामात खोट काढते तेव्हा हेच बघते, म्हणून लिहितेय.

मग मी निदान सांगितलं. ब्रेकचं मॉड्यूल गेलंय. सगळे त्याच्याकडेच बोट दाखवत होते ना. खरं तर गाडीचा वेग बाकीच्यांना तेच सांगतं, त्यामुळे गोंधळ कुठेही झाला तरी पहिली तक्रार त्याच्याबद्दलच होणार, हे मला शिकवलेलं होतं. पण दादासमोर, गॅरेजच्या मालकासमोर, जेवून परत आलेल्या मिस्त्रींसमोर मला पटकन आणि ठाम बोलायचं होतं. तशाच एका अपघातातल्या गाडीचं मॉड्यूल ओळखीतून मिळालं. ते बसवलं आणि मी स्वतः गाडी कशेडीपर्यंत नेली, बोगद्यातून पलीकडे जाऊन परत आणली. एक दिवा लागला नाही. दादाला म्हटलं, जा आता बिनधास्त, आणि वहिनीला फोन करून तेच सांगितलं. जरा जास्तच ऐटीत सांगितलं.

त्याच संध्याकाळी गाडी शिवेवर थांबली. आत आमच्या वाडीकरांच्या मुंबईतल्या मंडळाचे अध्यक्ष होते. नवे बूट घालून, वाडीच्या समाजमंदिराला भेट द्यायचा पंखा खांद्यावर घेऊन ते उरलेला चढ चढले. त्यांनी मुंबईत कुणाकुणाला फोन केले असतील ते त्यांनाच माहीत. पुढचे चार दिवस वीरला उतरलेलं वाडीचं एक माणूस दादाच्या गाडीत बसलं नाही.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने बिरवाडीच्या एका माणसाला फोन केला. त्याला एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करायला मोठी गाडी हवी होती. तो म्हणाला, रविवारी येतो, बघतो आणि घेतो. सपाटीवर चालवायला गाडीत काही खोट नव्हतीच.

मला हे वहिनीच्या फोनवरून कळलं. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, "बाय, डबा घासून उन्हात घातलाय." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली, मीटर, हत्यारं, वायरींची पिशवी घेतली आणि सकाळच्या एसटीने पोलादपूर गाठलं. दादाला न्यायला बोलावलं नाही, चालत चढले. चढताना एक गोष्ट डोक्यात आली, जी गॅरेजात कधी आली नसती. गाडी तीन ठिकाणी तपासली होती, गॅरेजात, महामार्गावर आणि कशेडीला. गॅरेज सपाट. महामार्ग सपाट. कशेडीचा जुना घाट आता बोगद्याने चुकतो, तिथला चढ आता असून नसल्यासारखा. आमच्या वाडीचा चढ मात्र पाव तास नाक वर करून ठेवतो, आणि पाव तासाने जे ठिकाण येतं ते शिवेचं. उद्या शीव खाली पोलादपुरात असती तर गाडीने देवाला काही त्रास दिला नसता.

दादाच्या घरी पोचले तर दाराशी डबा. भरलेला, वर झाकण, झाकणावर दोरी.

दादा म्हणाला, कशाला आलीस, गाडीची बोलणी झालीत. मी म्हटलं, बोलणी रविवारची आहेत, आज शुक्रवार आहे. अंगणाबाहेर रस्ता एकदम उभा चढतो. तिथे गाडी नाक वर करून उभी करायला लावली, चाकांमागे दगड लावले, बॅटरी सोडवली, मीटरच्या दोन्ही पिना स्कॅनर जोडायच्या सॉकेटात घातल्या आणि मीटर बॉनेटवर ठेवून बांधावर बसले. साठ. पाच मिनिटं झाली, साठ. दादा येऊन बघून गेला. वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. तेवढ्यात बाबा शेतावरून आले. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा भाजतात, ते राब भाजून आले होते, कोपरापर्यंत राख. म्हणाले, "काय बघताय?"

म्हटलं, आकडा पडतो का बघतोय.

आणि तो पडायला लागला. अठ्ठावन्न. छप्पन्न. एकदम पडत नव्हता, एका जागी ठरतही नव्हता. सरकत होता. त्रेपन्न, परत चोपन्न, मग बावन्न. वायर तुटली किंवा चिकटली तर आकडा टपकन बदलतो आणि थांबतो. हा असा रांगणारा आकडा मी पुण्यात फक्त एकदा बघितला होता आणि तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितलं, दोन वायरींना एकमेकींचा स्पर्श होतोय, पण पुरता नाही. मग गाडी वळवून नाक खाली करून उभी केली. दहा मिनिटांनी आकडा सरकत सरकत परत वर, अठ्ठावन्न, एकोणसाठ. बाबा हातावरची राख चोळत म्हणाले, "चढाला येतं नि उताराला जातं, असं दुसरं काय हाय गो? पाणी हाय तिच्यात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आपण काही विशेष बोललो अशा थाटात ते नव्हतेच. म्हणाले, बांधाला खेकड्याने भोक पाडलं की खाचरातलं पाणी जातं, तेव्हा भोक दिसत नाही. पाणी कुठल्या अंगाला कमी होतंय ते बघत बसायचं, मग पायाने चाचपायचं. "बघून तर झालंय तुझं. आता चाचप."

तीन वर्षं कॉलेज, सहा महिने पुणे, आणि हे. मला वाईट वाटलं असं नाही. मीटर माझा होता, आणि आकडा रांगतोय हेही मीच ओळखलं होतं. पण हा शोध अर्धा बाबांचा आहे आणि माझा म्हणून मी तो अर्धाच सांगते.

पाणी म्हणजे छतातून गळती किंवा एसीची नळी, असं मी धरलं. दारापासून गालिचा सोडवत आत आले. मागच्या सीटजवळ कोरडा. मधे कोरडा. पुढे डाव्या बाजूला हात घातला तर गालिच्याखालचा फोम ओला, आणि बोटं चिकट झाली. पावसाचं पाणी चिकटत नाही. एसीचंही नाही. बोटं नाकाशी नेली. तोच आंबूस वास, ज्याचा आळ सुकटीवर होता.

आम्ही चौघांनी एकाच वेळी सीटखालच्या लाल फडक्यांकडे बघितलं. 

दादा म्हणाला, "त्याला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, दादा, दोन्ही वायरींचा जोड बरोब्बर त्याच्याखाली आहे. सीट काढल्याशिवाय तिथे पोचता येत नाही आणि सीट काढायची तर नारळ हलणार. तो म्हणाला, गुरवाने सांगितलंय. मी म्हटलं, रविवारी ती गाडी बिरवाडीला गेली की नारळ तिच्याबरोबरच जाईल ना, मग तो माणूस नारळ हलवणार नाही कशावरून?  वहिनी उठली, पदर खोचला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी गुरवांना बोलावते. देवाला विचारल्याबिगर डबा भरलात, आता नारळाला तरी विचारून घ्या."

गुरव आला. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला, नाक उडवलं आणि कौल लावायला देवळात गेला. देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होकार. आम्ही बांधावर बसून राहिलो. मीटरवरचा आकडा बघताना होती त्याच्या दुप्पट धाकधूक मला तेव्हा झाली, बी.एस्सी. असून झाली.

गुरव परत आला ते विडी पेटवतच. म्हणाला, उजवी दिली, काढा. दादाने विचारलं, पहिल्याच वेळी? गुरव म्हणाला, "पहिल्याच. आन नसती दिली तर परत लावला असता. सोमवारी दात काढायला महाडला जायचंय मला. चालत धाडतोस काय?"

त्यानेच हात घालून आमच्या देवाचा नारळ बाहेर काढला. फडकं कडक झालेलं, सोडलं तर नारळ उभा चिरलेला. बंद गाडी, एप्रिलचं ऊन, महिनाभर एका जागी. चिरेला काळी बुरशी, आत एक थेंब नाही. सगळं पाणी फडक्यातून, बोळ्यांमधून, गालिच्यातून खाली उतरलं होतं. दुसरा नारळ वहिनीने स्वतः काढला, आधी हात जोडून माहेरच्या देवाला काहीतरी पुटपुटली. कानाशी हलवला. आतून डुबुक डुबुक आवाज.

"बघा," ती दादाला म्हणाली, "आमच्याकडचा ठणठणीत हाय."

मी तिला म्हटलं, वहिनी, तो दोन आठवडेच होता. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

सीट काढली. खालचा जोड उघडला तर आतल्या पितळी पिना हिरव्यागार, दोन पिनांच्या मधे शेवाळासारखा थर. सपाटीवर पाणी फोममध्ये पुढच्या अंगाला पसरून राहायचं. चढावर मागे उतरून या जोडात शिरायचं आणि दोन वायरींना नको तिथे भेटवायचं. कोपऱ्यातला खोकणारा सापडला होता. ब्रेकचं मॉड्यूल बिचारं काही न करता बदनाम झालं होतं, आणि बदनाम मी केलं होतं. मी त्या जोडातून दोन्ही वायरी सोडवल्या, चांगल्या भागापर्यंत कापल्या, नव्या तुकड्याने सांधून कथलाचा डाग दिला, पीळ होता तसा परत घातला आणि सांधा सीटच्या पट्टीला वर बांधला, जिथे वीस नारळ फुटले तरी पाणी पोचणार नाही. बाकीच्या पिना घासल्या. फोम वहिनीने पाण्याने धुऊन दगडावर वाळत टाकला, गोधडीसारखा. दादा हाताखाली हत्यारं देत होता. न विचारता, बरोबर तेच देत होता.

शनिवारी दुपारी सगळं परत बसवलं. चढावर पाव तास उभी केली, साठ. अर्धा तास, साठ. मग दादा खाली जाऊन भरलेली पाण्याची पिंपं मागे ठेवून वर आला, शिवेवरून, न थांबता. मग परत खाली, परत वर. तिसऱ्या वेळी वाडीतली दोन-चार माणसं दारात आली. बघून म्हणाली, पिंपं काय, कुणीबी चढवील. माणसं बसवून दाखव. पण बसायला कुणी पुढे आलं नाही. दादाने डबा उचलून आत ठेवला नव्हता.  दुरुस्ती माझी होती, भरवसा वाडीचा होता, आणि त्याला मीटर नाही.

रविवारी बिरवाडीचा माणूस एसटीने पोलादपूरला उतरला. दादा त्याला आणायला गाडी घेऊन गेला. मी, वहिनी, बाबा आणि गुरव शिवेजवळ करवंदाच्या जाळीच्या सावलीत उभे. गाडीचा आवाज वळणावळणाने वर येत होता. शेंदरी दगडाच्या अलीकडे गाडी हळू झाली. वहिनीने माझा दंड धरला, घट्ट. मग गाडीने गिअर बदलला आणि आमच्या समोरून धूळ उडवत वर गेली. नंतर कळलं, दादाच सवयीने तिथे हळू झाला होता.

अंगणात त्या माणसाने बॉनेट उघडून बघितलं, दारं आपटून बघितली आणि वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एवढा चढ, तिसऱ्या गिअरवर आली. कुठं दम लागला नाय तिला. मी घेतो."

दारादारांत उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दादा खाली मान घालून टायरला पायाने टोचत होता. मग म्हणाला, "गाडी विकायची नाय आता. माफ करा. पण आलायत तसे जेवून जा."

तो माणूस चिडला, साहजिकच होतं. म्हणाला, मग एवढ्या लांब बोलावलंत कशाला?  वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "चढ चढून दाखवायला परका माणूस लागत होता भाऊ. घरच्यांचं कोण ऐकतंय?"

तो हसायला लागला. कोंबडी-वडे झाले होते, त्यामुळे पुढचं सोपं गेलं. दुपारी दादा त्याला बिरवाडीला सोडून तसाच वीरला जाणार होता, मुंबईची गाडी यायची वेळ होती. गुरव सोमवारचा दात रविवारीच आठवल्यासारखा पुढच्या सीटवर जाऊन बसला. मागून आणखी तिघं आली, त्यातल्या एकाने आठवड्यापूर्वी मुंबईला फोन करून सांगितलं होतं की या गाडीत बसू नका.

सोमवारी गॅरेजात कामाचा कागद भरला. "कारण" या रकान्यात मी आधी "द्रव पदार्थ" असं लिहिलं होतं. मग ते खोडून "राखणीचा नारळ सीटखाली फुटून" असं लिहिलं. मालकांनी वाचलं आणि सही केली. माझ्या तपासणीच्या कागदात आता नवी ओळ आहे, "देवाच्या वस्तू, विचारून, हलवून पाहिल्या". अजून एकही गिऱ्हाईक नाही म्हणालेलं नाही. आपल्याकडे कुणी विचारत नाही, एवढंच असतं.

पण मी रविवारचं सांगत होते. गाडी खाली गेल्यावर माहेरच्या देवाचा नारळ ओटीवर तसाच राहिला होता. गाडीत तो परत ठेवायचा होता, गुरवाचं तसं सांगणं होतं, पण हाही फुटला तर? मी म्हटलं, वहिनी, झाकणाचं काहीतरी हवं, ज्यातून पाणी बाहेर येणार नाही असं. वहिनीने घरात नजर फिरवली. मग दाराशी गेली, डब्याची दोरी सोडली, तांदूळ आत नेऊन कणगीत ओतले, डबा पदराने आतून पुसला आणि नारळ त्यात ठेवला. बरोब्बर मावला. झाकण बसवून तिने वरून थापटी मारली.

त्या डब्याच्या कडेला दादाचं नाव रंगवलेलं आहे, मुंबईच्या खोलीवर डबे बदलू नयेत म्हणून. आता तो त्याच्या गाडीत असतो.